डोक्याला पट्टी, खिशाला कात्री



निलंगा, औसा, देवणी, शिरूर अनंतपाळ या भागात ज्या घरातले मूल अकरावी-बारावीला आहे, त्या घरात दोनच विषय असतात. एक खोलीभाडे आणि दुसरा 'नीट'. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले, पण त्या नावाची किंमत कोण मोजतो हे आपल्याला माहीत आहे. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई सोयाबीन काढायला, आणि पोरगी लातूरला चौघीजणींत एक खोली करून राहते. अशा घराला कोणी सांगितले की, "डोक्याला ही पट्टी लावा, रोज वीस मिनिटे बारीक करंट सोडा, अभ्यासात लक्ष लागेल, स्मरणशक्ती वाढेल," तर त्या घराने काय करावे?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने काढलेला नाही. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी तो आम्हाला विचारला. मोबाइलवर त्यांनी जाहिरात पाहिली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी हिशेबातले मानूस. बचत गटाचं कर्ज उचलून ही पट्टी घ्यावं म्हन्ते. लेकीच्या डोक्यात बसंल का त्यानं?" आणि जाता जाता त्याच ताईंनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या दिराला वर्षभरापासून कानात माणसे बोलल्यासारखी ऐकू येतात. त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला घरचे तयार नाहीत. का? "तिथं डोक्याला शॉक देत्यात म्हनं!"

पाहा, घर एकच. लेकीच्या डोक्याला वीज हवी म्हणून कर्ज काढायची तयारी आणि दिराच्या डोक्याला वीज नको म्हणून उपचारच बंद. लोभ आणि भीती दोन्ही एकाच अज्ञानातून निघाल्या आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकुनी करणारी माणसे. पण कागद वाचायची सवय आहे. या विषयावर जे पक्के कळते ते सोप्या भाषेत मांडत आहोत.

आधी मेंदूचे बघू. माणसाचा मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शरीराच्या वजनात त्याचा वाटा शेकडा २, पण शरीराच्या एकूण शक्तीतला शेकडा २० वाटा तो एकटा खातो. या पेशी एकमेकींशी बोलतात ते अतिशय बारीक विजेच्या साहाय्याने. जर्मनीतले डॉ. हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून ही वीज पहिल्यांदा नोंदवली. आज ज्याला आपण ईईजी म्हणतो तो तोच.

मेंदूत वीज आहे म्हटल्यावर बाहेरून थोडी वीज दिली तर काय होईल, हा विचार माणसाच्या मनात येणारच. २००० साली जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात नित्शे आणि पॉलस या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा नीट प्रयोग केला. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठेवून त्यांनी काही मिनिटे फक्त १ मिलिअँपिअर करंट सोडला. हात हलवणाऱ्या भागावर धन टोक ठेवले तर तो भाग अधिक तत्पर झाला, ऋण टोक ठेवले तर सुस्त झाला. हा फरक शेकडा ४० पर्यंत होता आणि करंट बंद केल्यावरही काही मिनिटे टिकला. या पद्धतीला 'टीडीसीएस' असे आद्याक्षरी नाव आहे. ना कापाकापी, ना सुई, ना भूल.

आता १ किंवा २ मिलिअँपिअर म्हणजे किती? आपल्या मोबाइलचा चार्जर एक ते दोन अँपिअर करंट देतो. तो या करंटच्या पाचशे ते दोन हजार पट झाला. त्यातही सगळा मेंदूपर्यंत पोचत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बुझाकी यांच्या गटाच्या अभ्यासात मृतदेहांवर मोजमाप केले, तेव्हा सुमारे शेकडा ७५ करंट कातडी आणि कवटीतच अडतो असे दिसले. उरलेल्या करंटाने पेशीवर काय होते? पेशी आपणहून पेटायला तिच्या आतली वीज सुमारे १५ मिलिव्होल्टने बदलावी लागते. बाहेरच्या या करंटाने होणारा बदल एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो. म्हणजे झोपलेल्या पेशीला हा करंट उठवू शकत नाही. जी पेशी कामाला लागलेली आहे, पेटायच्या बेतात आहे, तिला तो किंचित टेकू देतो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा फार तर वापसा आहे. पावसानंतर जमीन वापशावर आली म्हणजे पेरणीला सोपे जाते. पण वापसा आला म्हणजे पेरणी झाली असे कोणी म्हणत नाही. बी टाकल्याशिवाय वापशावरची जमीनही तणच देते.

हे आम्ही नुसत्या उपमेने सांगत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये डॉ. लुसिया ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला एमआरआय यंत्रात झोपवून, त्याच वेळी डोक्याला करंट देऊन, मेंदूत काय चालते ते पाहिले. मेंदूच्या ज्या भागाला काम जास्त त्या भागाकडे प्राणवायूचे रक्त जास्त जाते आणि ते या यंत्रात दिसते. आपल्या मेंदूत अनेक पेशीसमूह मिळून काम करतात. एक गट लक्ष देण्याच्या कामाचा. दुसरा गट आपण रिकामे बसलो, मन भटकू लागले की जागा होणारा. लक्ष लागते तेव्हा पहिला वर येतो, दुसरा खाली बसतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की करंट तोच, जागा तीच, पण माणूस रिकामा पडून असताना या गटांवर होणारा परिणाम वेगळा आणि काम करत असताना होणारा वेगळा. म्हणजे करंट काय करील हे करंट एकटा ठरवत नाही, त्या वेळी मेंदू काय करत आहे ते ठरवते. वाचकहो, आमच्या मते या साऱ्या शास्त्रातली आपल्या कामाची गोष्ट हीच आहे.

मग स्मरणशक्ती वाढते की नाही? दोन्ही बाजू पाहू. बेरीज करताना आपण हातचा लक्षात ठेवतो. ही मेंदूची तात्पुरती आठवण. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठात २०१९ साली राइनहार्ट आणि न्गुयेन यांनी ६० ते ७६ वयाच्या ४२ माणसांवर प्रयोग केला. मेंदूचे पुढचे आणि कानाजवळचे भाग एका तालात यावेत म्हणून २५ मिनिटे तालबद्ध करंट दिला. त्यांची तात्पुरती आठवण विशीतल्या तरुणांइतकी झाली आणि हा परिणाम पुढे ५० मिनिटे तरी टिकला. बातमी मोठी आहे. पण यात दर माणसाच्या मेंदूचा ताल आधी ईईजीवर मोजून करंट त्याप्रमाणे जुळवला होता. आणि परिणाम मोजला तो ५० मिनिटांचा, वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा नव्हे.

आता दुसरी बाजू. मेलबर्न विद्यापीठातल्या हॉरव्हाथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली तोवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. निरोगी माणसाला एक वेळ हा करंट देऊन बुद्धीच्या कामात भरवशाचा फायदा होतो, असा पुरावा त्यांना सापडला नाही. आणि २०१३ साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी लोकांना नव्या खुणांचे अंक शिकवले. मेंदूच्या मागच्या बाजूच्या एका भागाला करंट दिला तर माणसे लवकर शिकली, पण शिकलेले झटक्यात, विचार न करता वापरण्यात मागे पडली. पुढच्या भागाला दिला तर उलटे झाले. आम्ही वाणिज्य शाखेचे. जमेला नोंद झाली की नावे बाजूलाही कुठेतरी नोंद होते, एवढे आम्हाला कळते. पट्टी विकणारा मात्र फक्त जमेची बाजू दाखवतो.

कोणी म्हणेल, अमक्याच्या मुलाने पट्टी लावली आणि त्याला फरक वाटला, ते काय खोटे? खोटे नसेल. म्हणूनच शास्त्रज्ञ प्रयोगात निम्म्या माणसांना खोटा करंट देतात. यंत्र सुरू होते, अर्धा मिनिट कातडीला मुंग्या येतात आणि मग करंट गुपचूप बंद होतो. माणसाला वाटते आपल्याला करंट चालू आहे. अशा माणसांनाही 'बरे वाटते'. वाटणे आणि होणे यातला फरक काढायला ही रीत आहे. जाहिरातीतला मुलगा या रीतीतून गेलेला नसतो.

मेंदूतल्या विजेच्या नावाने आपल्या महाराष्ट्रात एकदा काय घडले तेही सांगायला हवे. तिथे करंट देण्याचा नव्हे, मेंदूतली वीज मोजण्याचा प्रश्न होता. पण यंत्रावर घाईने विश्वास ठेवण्याचा धडा तोच. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खून खटल्यात जन्मठेप दिली. तीत आरोपीच्या मेंदूतल्या विजेच्या नोंदीचा आधार घेतला होता. तिच्या मेंदूत गुन्ह्याची 'आठवण' आहे असे यंत्र सांगते, असा तो दावा होता. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही चाचणी शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, पुरावा म्हणून वापरू नये, असे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की कोणाचीही अशी चाचणी त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू नये, हे संविधानाचे कलम २०(३) तिथे आपल्या उपयोगी पडले. यंत्राला दिवा लागला, पडद्यावर रेघ उठली की ते सत्यच, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता घरी पट्टी लावण्याच्या धोक्याचे. स्पंज सुकला, नीट बसला नाही तर कातडी भाजल्याच्या नोंदी आहेत. खाज, लाली, डोकेदुखी तर नेहमीची. फीट येणाऱ्याने किंवा डोक्यात धातूची वस्तू असणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये. टोक इंचभर सरकले तर भलताच भाग करंटाखाली येतो. २०१६ साली या विषयातल्या तीसहून अधिक संशोधकांनी घरी प्रयोग करणाऱ्यांना उघड पत्र लिहून सावध केले होते. हे प्रयोग बहुतेक मोठ्या माणसांवर झालेले आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून घडत असतो. आणि आपल्या देशातल्या १९४५ च्या औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टातच लिहिले आहे की मेंदूची शक्ती आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये. तो नियम औषधांचा आहे. पण औषधाला जो दावा करायची मनाई, तो पट्टीच्या तोंडून ऐकताना आपण दुप्पट सावध असावे.

ताईंच्या लेकीसाठी म्हणून आमचे उत्तर सरळ आहे. कर्ज काढू नका. पण नुसते 'नको' म्हणून आम्ही थांबत नाही. मेंदूला जे खरोखर लागते ते बहुतेक फुकट आहे. पहिली झोप. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठात २००६ साली मार्शल, बॉर्न आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना सेकंदाला एकापेक्षाही कमी लाटांचा मंद करंट दिला, तर रात्री पाठ केलेल्या शब्दांपैकी थोडे अधिक सकाळी आठवले. पण त्या लाटा कुठून घेतल्या? गाढ झोपेत मेंदू स्वतःच त्या उठवतो, करंटाने त्यांची नक्कल केली. मूळ माल फुकट मिळत असता नक्कल विकत घ्यायची कशाला? रात्री दोनपर्यंत जागून सकाळी पाचला उठणारे लेकरू हा फुकटचा मालच फेकून देत असते.

दुसरे, आठवून पाहणे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांचे दोन प्रकार पाहिले. धडा वाचून पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने शेकडा ४२ आठवले. एकदा वाचून, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना शेकडा ५६. यंत्र नाही, कर्ज नाही, एक कोरा कागद पुरतो. आईला वाचता येत नसले तरी चालेल. "आज काय शिकलीस ते मला सांग," एवढे तिने रोज संध्याकाळी फोनवर विचारले तरी लेकीची उजळणी होते.

तिसरे, रक्त. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. लोह कमी पडले की लक्ष लागत नाही, थकवा येतो आणि आपण म्हणतो पोरगी आळशी. सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे, लोहाच्या गोळ्या मिळतात त्या खाव्यात.

आता दिराची गोष्ट, कारण ती जास्त तातडीची आहे. ज्याला लोक 'शॉक' म्हणतात त्या उपचारात करंट सुमारे ८०० ते ९०० मिलिअँपिअर असतो. तो काही सेकंद देऊन मुद्दाम झटका आणतात. तो वेगळा उपचार आहे. तोही गंभीर आजारात उपयोगी पडतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास मनाई आहे. सिनेमात रुग्णाला बांधून, तो ओरडत असताना शॉक देतात, ते आज कायद्याने गुन्हा आहे. २ मिलिअँपिअरचा बारीक करंट म्हणजे शॉक नव्हे. रुग्ण खुर्चीत जागा बसून असतो आणि बोलूही शकतो.

कानात आवाज येण्याच्या आजारात, औषध घेऊनही आवाज थांबत नसतील तर, बंगळुरूच्या निमहान्समध्ये हा करंट औषधाच्या जोडीला देऊन अभ्यास झाले आहेत. प्रत्येक वेळी २० मिनिटे, दिवसातून दोनदा, पाच दिवस अशी ती पद्धत फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१२ साली मांडली होती. काहींचे आवाज कमी झाले. पण जोडीला, औषधाच्या ऐवजी नव्हे. उदासीनतेच्या आजाराचेही तसेच. ब्राझीलमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २४५ रुग्णांच्या चाचणीत हा करंट खोट्या करंटापेक्षा सरस ठरला, पण नेहमीच्या गोळीच्या तोडीचा असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे सरकारी दवाखान्यातली गोळी आजही पहिली. ती बंद करून पट्टीच्या मागे लागू नये.

म्हणून त्या घरालाही आणि अशा सर्व घरांनाही आमचे सांगणे आहे. कानात आवाज येणे हे बाहेरचे नाही, करणी नाही, मागच्या जन्माचे नाही. तो मेंदूचा आजार आहे. अंगात आले म्हणून माणसाला बांधणे, मारणे, धूर देणे याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर जाण्याआधी बोलायचे असेल तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर केव्हाही फुकट बोलता येते. परीक्षेच्या ताणाने रडणाऱ्या मुलांनाही हाच क्रमांक सांगा.

शेवटी एक. आपल्या पिढ्यांना "यांना डोकेच नाही" असे सांगितले गेले. डोके जन्माने ठरते असे म्हणणाऱ्यांना लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी उत्तर दिले आहे. तिथे परवान्यासाठी हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या वूलेट आणि मॅग्वायर यांच्या अभ्यासात ७९ शिकाऊ चालक होते. सुरुवातीला पुढे पास होणारे आणि नापास होणारे यांच्या मेंदूत फरक नव्हता. तीन-चार वर्षांनी जे ३९ जण पास झाले, त्यांच्याच मेंदूतला आठवणीचा भाग वाढलेला दिसला. कोणाच्या डोक्याला पट्टी नव्हती. रोज रस्त्यावर हिंडून, चुकून, पुन्हा आठवून त्यांनी आपला मेंदू घडवला होता. शिकणारा मेंदू स्वतःची वीज स्वतः पेटवतो. आपण त्याला भाकरी, झोप, उजेड आणि धीर द्यावा. बचत गटाचा पैसा खोलीभाड्याला, पुस्तकाला आणि दवाखान्याच्या एसटी भाड्याला राखून ठेवावा.